मोठं काडतूस, बारीक गोळी

प्रश्न: राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे, खाली व्हाळाकाठी भाताचे कुणगे आहेत. दोन वर्षं रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय. घरात आजोबांच्या वेळची ईशापूरची .३१५ रायफल आहे. परवाना बाबांच्या नावावर, त्यांचं वय ७३. गेल्या आश्विनात त्यांनी दोनदा डुकरावर बार टाकला. दोन्ही वेळा जनावर रक्त सांडत रानात गेलं ते गेलंच. ओळखीचे एक मिस्त्री म्हणतात, ‘चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रीमरने (कोरायच्या हत्याराने) वाढवून .३०-०६ चं मोठं काडतूस बसवून देतो. जोर दुप्पट होईल. बंदुकीचा नंबर तोच राहणार, म्हणजे कागदपत्रांना हात लावायला नको.’ करून घ्यावं का? आणि नळीला आम्ही खोबरेल लावतो, ते चालतं का? — एक बागायतदार

उत्तर:

करून घेऊ नका. रायफल मिस्त्रींकडे पोचली असेल तर आजच जाऊन घेऊन या, परवानाधारक म्हणून बाबांना बरोबर न्या. तुमच्या मिस्त्रींचा हात लोखंडावर चांगला चालत असेल, पण त्यांनी ही दोन काडतुसं शेजारी ठेवून मापलेली दिसत नाहीत.

आधी गोळीचं बघू. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास. त्यातली गोळी ८.२ मिमी जाड आणि २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम वजनाची असते. .३०-०६ ची गोळी ७.८ मिमी जाड, आणि बाजारात मिळते ती बहुधा १५० ते १८० ग्रेनची. म्हणजे ज्याला मिस्त्री ‘मोठं काडतूस’ म्हणतात त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, लांब आहे, दारू जास्त आहे, पण गोळी तुमच्या आत्ताच्या गोळीपेक्षा बारीक आणि हलकी आहे. चेंबर वाढवलं तरी पुढची नळी आठ मिलिमीटरचीच राहते. थोरल्या भावाच्या वहाणा घालून धाकटा पळायला निघाला, अशी त्या गोळीची गत होईल. नळीतल्या पेचदार खाचांनी गोळीला घट्ट धरून फिरवायचं, म्हणून रायफलला रायफल म्हणायचं. इथे गोळी खाचांना धड टेकतही नाही. फिरकी न मिळालेली गोळी हवेत कोलांट्या घेत जाते आणि पन्नास पावलांवर आडवी लागते किंवा लागतच नाही. आज डुक्कर जखमी होऊन पळतंय, उद्या ती गोळी शेजारच्या वाडीतल्या कुणाच्या तरी गोठ्यावर जाईल.

आता चेंबरचं. रीमर लोखंड काढतो, घालत नाही. .३१५ ची पुंगळी ५० मिमी लांब, .३०-०६ ची ६३ मिमी. तेव्हा पुढच्या बाजूला तेरा मिलिमीटर जागा कोरता येईल, हे मिस्त्रींचं खरं. पण मागच्या बाजूला, जिथे पुंगळीचा बुंधा बसतो, तिथे .३१५ चं काडतूस .३०-०६ पेक्षा जाड आहे. म्हणजे तिथली जागा आधीच जास्त मोकळी आहे आणि ती कुठल्याही हत्याराने अरुंद होत नाही. बार झाला की पितळेची पुंगळी चेंबरच्या भिंतीला टेकेपर्यंत फुगते. भिंत जवळ असेल तर ती टिकते आणि सगळा धूर-वायू पुढे नळीतच राहतो. भिंत लांब असेल तर पितळ ताणून बुंध्यापाशी चिरतं आणि तो वायू बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, बाजूने मागे येतो. मागे म्हणजे बाबांच्या उजव्या डोळ्याकडे.

शिवाय .३१५ च्या पुंगळीला बुंध्याशी बाहेर आलेली कडा असते. काडतूस त्या कडेवर अडून राहतं. .३०-०६ ला तशी कडा नाही, ते खांद्यावर, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे अडतं. बोल्टचं तोंड आणि काडतूस अडण्याची जागा यांतल्या अंतराला बंदुकीच्या कामात हेडस्पेस म्हणतात. ते मोजायला ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी दोन गेज लागतात. फरक केसाएवढा असतो, डोळ्याने किंवा ‘बोल्ट लागला की झालं’ या हिशेबाने तो कळत नाही. मिस्त्रींना सहज विचारा, .३०-०६ ची गेज तुमच्याकडे आहेत का. उत्तर काय येईल ते मी इथे बसून सांगू शकतो. मग रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर, तो कडेच्या काडतुसासाठी घडवलेला. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, त्याचंही तसंच: तुमचं अख्खं काडतूस सुमारे ७६ मिमीचं, .३०-०६ चं ८५. ते मॅगझिनमध्ये मावणारच नाही. म्हणजे इतका खटाटोप करून हातात येणार ती एकबारी बंदूक, आणि तीही फुटायला टेकलेली.

दाबाचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. ईशापूरची .३१५ ही ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलीच्या घडणीवर बेतलेली आहे. या बोल्टचे लग, म्हणजे बोल्टला जागेवर धरून ठेवणारे खुंट, मागच्या बाजूला असतात. बार झाला की चेंबरपासून त्या लगांपर्यंतचा सगळा सांगाडा किंचित ताणला जातो. .३०३ सारख्या जुन्या लष्करी काडतुसाला ते चालून जातं. .३०३ चा कमाल दाब प्रति चौरस इंचाला ४९,००० पाउंड धरतात, .३०-०६ चा ६०,०००. ही वाढ जुन्या पोलादाने निमूट सोसावी अशी अपेक्षा करणं म्हणजे नशिबावर भार टाकणं झालं. ईशापूरच्या सरकारी कारखान्यालाच १९६० च्या दशकात हीच घडण ७.६२ मिमीच्या लष्करी काडतुसासाठी वापरायची होती. त्यांच्याकडे रीमर होते, गेज होती, चाचणीची सोय होती. तरी त्यांनी जुन्या रायफलींची चेंबरं कोरत बसायचा उद्योग केला नाही. जास्त चांगल्या प्रतीचं पोलाद घेतलं, मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर बदलले आणि २ए नावाची नवीनच रायफल काढली. जिथे ती बंदूक जन्मली त्या कारखान्याने जे केलं नाही, ते आपण गावातल्या लेथवर करायचं?

चेंबर वाढवण्याची कला खोटी आहे असं मात्र नाही. अमेरिकेत हा जुना आणि मान्य धंदा आहे. .३०-०६ च्याच चेंबरच्या भिंती थोड्या सरळ करून आणि खांदा उभा करून त्यात थोडी जास्त दारू मावेल असं करतात. तिथल्या ॲकली नावाच्या कारागिराच्या नावाने अशी सुधारित काडतुसं ओळखली जातात. ते जमतं, कारण गोळी तीच, नळी तीच, बुंधा तोच आणि बोल्टचं तोंडही तेच राहतं. नवं चेंबर जुन्याला सगळीकडून गिळून टाकतं, जुनी मोकळी जागा कुठे उरत नाही. तिथेसुद्धा कुणी .३०-०६ चं मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या जाड काडतुसाची रायफल, करायला निघाला की काम वाढतं. साध्या पुंगळीचा बुंधा १२ मिमीचा, मॅग्नमचा साडेतेरा. बोल्टचं तोंड कोरावं लागतं, आणि मग तो बोल्ट तेवढा जोर धरेल का हा प्रश्न येतो. त्यामुळे पुष्कळदा शहाणे कारागीर सांगतात की रायफल विका आणि हवी त्या बोअरची दुसरी घ्या. तुमच्या .३१५ ची .३०-०६ करणं या अटींत बसत नाही.

आणि ‘कागदपत्रांना हात नको’ हे वाक्य तर बाबांना थेट कोर्टात उभं करणारं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरबदल करायला कारागिराकडे त्या कामाचा परवाना लागतो. तो नसताना केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. परवान्यावर नुसता नंबर नसतो, बोअरही असतो. नंबर तोच आणि बोअर वेगळा अशी बंदूक सापडली तर परवान्यातली बंदूक ही नव्हेच. आणि समजा सगळं निभावलं, तरी काडतुसं कुठून आणणार? दुकानदार परवान्यावर लिहिलेल्या बोअरचीच काडतुसं देतो आणि पुस्तकात नोंद करतो. .३०-०६ मागितलं की पहिला प्रश्न तोच येईल.

बोअर आणि सरकार यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. १९०७ साली इंग्रजांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींना बंदी केली, कारण हा बोअर लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचाही होता आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती जातील अशी धास्ती होती. त्या बंदीमुळे विलायतेतल्या कारागिरांना .४६५, .४७० असे नवे बोअर काढावे लागले. तुमची .३१५ सुद्धा त्याच धोरणाचं अपत्य. सैन्याची .३०३ लोकांना द्यायची नाही, म्हणून हा वेगळा बोअर. आजही .३०३ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं घेणाऱ्या रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. म्हणजे मिस्त्रींनी उद्या ‘मग .३०३ करू’ असं सुचवलं तर त्याचंही उत्तर तुम्हाला मिळालं.

आता डुक्कर का मेलं नाही, ते पाहू. सोळा ग्रॅमची मऊ टोकाची गोळी जवळून योग्य जागी लागली तर मोठा एकांडा नरही जागेवर बसतो. न बसण्याची कारणं आपल्या किनारपट्टीत काडतुसाच्या आकारापेक्षा हवेत जास्त असतात. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि बंदूक वर्षभर चामड्याच्या म्यानात. चामडं ओल धरून ठेवतं, नळी आतून गंजते. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, तिथून परत येते तेव्हा तिला कुणी तेलाचं बोट लावलेलं नसतं. बोल्ट काढा, नळी उजेडाकडे धरा आणि मागून आत बघा. खाचा लख्ख दिसतात का, की काळे ठिपके आणि खड्डे दिसतात? खड्डे पडलेली नळी नेम धरत नाही.

इथेच तुमच्या खोबरेलाचं उत्तर. लावू नका. ते थंडीत गोठतं, जुनं झालं की चिकट होऊन बसतं आणि त्या चिकटात धूळ आणि ओल दोन्ही अडकतात. पातळ खनिज तेल वापरा, शस्त्रांच्या दुकानात बंदुकीचं तेल म्हणून मिळतं. लावण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसा, आणि बार काढण्याआधी तेल पुन्हा पुसून घ्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा तरी बंदूक बाहेर काढून बघावी. म्यान बाजूला ठेवा, कापडात गुंडाळा.

काडतुसं किती जुनी आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. खडकीच्या कारखान्याची ‘के एफ’ छापाची काडतुसं आजोबांच्या वेळेपासून डब्यात पडली असतील तर ती वापरू नका. पितळेवर हिरवा गंज असेल, गोळी पुंगळीत हलत असेल तर नक्कीच नको. दमट झालेल्या काडतुसाचा बार कमी जोराने सुटतो, कधी उशिरा सुटतो. चाप ओढला आणि आवाज आला नाही तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढचा बार काढण्याआधी नळीत गोळी अडकलेली नाही ना हे पाहायचं. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सुटली की नळी फाटते.

आणि रागावू नका, पण ७३ व्या वर्षी, रात्री, बॅटरीच्या झोतात, हलत्या जनावरावर उघड्या माशीने, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेने, नेम धरणं कुणालाही अवघड आहे. डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीचं जाड चिलखत असतं आणि काळीज आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली, पुढच्या पायांच्या मागे असतं. अंधारात माणूस पाठीच्या रेषेवर नेम धरतो आणि गोळी वरून मांस फाडत निघून जाते. तुमची दोन्ही जनावरं अशीच गेली असणार असा माझा अंदाज आहे. .३०-०६ असती तरी तशीच गेली असती.

याहून मोठी अडचण अशी की ही राखणीची बंदूकच नव्हे. रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे बाग संपली की वाडी, वाडी संपली की कातळ. जांभ्या कातळावर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर आपटलेली गोळी कुठे वळेल याला नेम नाही, आणि पहाटे काजू वेचायला किंवा व्हाळावर कोण गेलंय हे आपल्याला माहीत नसतं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येही पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी असेल तर निदान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, असाच विचार आहे. रायफल त्यात नाही. बाबांच्या परवान्यावर उद्देशाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथे शेती संरक्षण नसेल तर राखणीसाठी ती रायफल बाहेर काढणंच चुकीचं आहे. राखणीसाठी हवीच असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात बारा बोअरच्या छर्‍याच्या बंदुकीसाठी स्वतंत्र अर्ज करा. एका माणसाला आता दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेवढं लक्षात असू द्या. एल.जी., म्हणजे जाड छर्‍याचं काडतूस तीस-पस्तीस पावलांत डुकराला पुरतं आणि छर्रे रायफलच्या गोळीसारखे गावच्या गाव ओलांडून जात नाहीत.

बारा बोअर जुनी विलायती मिळाली तर तिथेही चेंबरचाच घोटाळा असतो. जुन्या बंदुकींची चेंबरं अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीची असतात. आजची काडतुसं बहुतेक ७० मिमीची. गंमत अशी की न उडवलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण काडतुसावरचा आकडा ते उडून तोंड उघडल्यानंतरच्या लांबीचा असतो. बार होताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. नळ्यांच्या खालच्या बाजूला लांबी कोरलेली असते, ती वाचून मगच काडतूस घ्या. त्या नळ्यांवरचे चाचणीचे शिक्केही त्या मूळ चेंबरपुरतेच खरे. कुणी ते कोरून वाढवलं असेल तर शिक्के असून नसल्यासारखे.

बंदूक कोणतीही असो, वनखात्याची परवानगी होती का हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर मारायला, ते तुमच्या कुणग्यात उभं असलं तरी, लेखी परवानगी लागते. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली ती मिळू शकते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सातबारा आणि नुकसानीचे फोटो जोडा, पोच घ्या. हळव्या भाताला लोंब्या यायच्या आधी हे करा, डुकरं वास काढत येण्याच्या रात्री कार्यालय उघडं नसतं. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, वाटे घालायचे नाहीत. पंचनामा झाला तर नुकसानभरपाईही मिळते. ती तुटपुंजी असते हे मान्य, पण अर्जच न करणाऱ्याला तेवढीही मिळत नाही. भात पोसवण्याच्या दिवसांत कुणग्याभोवती बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालणारं झटका कुंपण आणि मांगरात जागलीला दोन माणसं, एवढ्याने बहुतेक कळप दुसरी वाट धरतात. फासकी लावू नका, त्यात बिबटे अडकतात. आणि घरच्या मीटरवरून तारेत थेट वीज सोडणाऱ्याला वेळीच अडवा, त्या तारेला माणसं चिकटून मेली आहेत.

राहिली आजोबांची रायफल. सांभाळायची इच्छा असेल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं की ते वारसाच्या नावावर करून घेता येतं. बाबा दोन्ही अटींत बसत असतील. वारसाचा अर्ज तुम्ही करायचा, बाबांनी संमती द्यायची. इच्छा नसेल तर परवानाधारक विक्रेत्याला रीतसर विका. कुठलाही अर्ज भरताना बोअरच्या रकान्यात .३१५ हेच येईल, आणि नंबर परवान्याच्या पुस्तकावरून उतरवू नका. भिंग घेऊन रायफलवरचा वाचा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत ३ चा ८ झालेला असतो, आणि तो फरक पोलीस पडताळणीत निघाला की अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.